धूळ की पहिला उजेड?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



गेल्या श्रावणात याच पत्रिकेतून आम्ही एक मजकूर पाठवला होता. विश्वाच्या आरंभीचा उजेड मोजताना शास्त्रज्ञांना त्यात ॐकाराची आकृती सापडली, ऋषींनी सांगितलेलं अखेर विज्ञानाने मान्य केलं, असा त्याचा आशय. सोबत एक चित्र होतं. निळे-तांबडे डाग, आणि त्यांच्यावर भोवऱ्यासारख्या फिरलेल्या बारीक काळ्या रेघा. मजकूर पुष्कळांना आवडला. अनगोळ, वडगाव, टिळकवाडी, खानापूर, निपाणी असा सगळ्या कुटुंबांच्या ग्रुपवर फिरला, तिथून पुण्याला आणि दुबईलाही पोचला.

तो मजकूर चुकीचा होता. हे आधी स्पष्ट लिहितो, बाकीचं त्यानंतर.

आमच्या भजनातल्याच एका भगिनीची मुलगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. तिने त्याच रात्री ग्रुपवर लिहिलं की या चित्रात ॐ नाही, तो कोणीतरी नंतर रेखाटलाय. आणि मूळ चित्र २०१४ सालचं असून ते ज्या कारणासाठी गाजलं, तेही पुढे धूळ निघालं. एवढंच. भाषा अगदी नीट होती. पण एका काकांनी तिला सुनावलं, चार पुस्तकं शिकलीस म्हणून मोठ्यांना शहाणपण शिकवू नकोस. त्यांच्या खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मुलगी ग्रुपमधून बाहेर पडली. तिची आई गुरुवारच्या आरतीला यायची थांबली. आणि पत्रिकेचं काम बघणाऱ्या आम्ही चौघी, ज्यांनी कुठल्याशा फॉरवर्डवरून तो मजकूर उचलला होता, गप्प बसलो. आमच्यातली एक म्हणालीसुद्धा, "असू दे की. त्यानं कुणाची भक्ती वाढली तर वाढू दे, बिघडलं कुठं?"

बिघडलं कुठं, हा प्रश्न मात्र मनातून गेला नाही. पोळ्या लाटताना, पारायणाला बसताना तो येतच राहिला. शेवटी मार्गशीर्षात दोघीजणी कुंद्याचा डबा घेऊन तिच्या घरी गेलो, जणू काही गोडावर माफी सुटते. आईने चहा केला, जास्त बोलली नाही. मुलीला आम्ही म्हटलं, बाई, ते चित्र खरं कशाचं आहे ते तरी सांग. तिने जे सांगितलं आणि आम्ही पुढे जे वाचलं, ते इथे देतो, कारण चूक नेमकी कुठे झाली ते त्याशिवाय कळायचं नाही.

पूर्वी घरात अँटेनाचा टीव्ही होता ते आठवतं ना? पाऊस-वारा झाला की कोणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा आणि खालून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!" गेलं म्हणजे पडद्यावर मुंग्या. त्या मुंग्यांमधला अगदी थोडासा भाग विश्वाच्या बाल्यावस्थेतून निघालेल्या उजेडाचा असायचा. विश्वाचं वय आज सुमारे १३८० कोटी वर्षं मानतात. ते जेमतेम ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना त्यातला तापलेला वायू निवला, धुकं विरावं तसा पारदर्शक झाला आणि कोंडलेला उजेड मोकळा सुटला. तोच अजून सगळ्या दिशांनी येतोय. विश्व फुगत गेलं तसा तो ताणला जाऊन थंड पडला, आता शून्याखाली २७० अंश. डोळ्यांना दिसत नाही. रेडिओसारख्या यंत्रालाच लागतो.

तो सापडला त्याची गोष्ट गमतीची आहे. १९६४ च्या सुमाराला अमेरिकेत अर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन या दोघांच्या मोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनात सारखी खरखर यायची. त्यांना वाटलं, आत कबुतरांनी घरटं केलंय, त्यांच्या घाणीमुळे असेल. कबुतरं हलवली, सगळी घाण खरवडून काढली. खरखर राहिलीच. ती घाण नव्हती, तो पहिला उजेड होता. दोघांना १९७८ मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे आधी घर झाडून घेतलं आणि मग तोंड उघडलं, एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता 'ध्रुवीकरण' हा शब्द. बेळगावात ध्रुवीकरण म्हटलं की आपल्याला निवडणूकच आठवते! पण प्रकाशाचंही ध्रुवीकरण असतं. मुलीने भावाचा गाडीवर घालायचा गॉगल आणला, मोबाईलच्या पडद्यासमोर धरला आणि हळूहळू फिरवला. एका कोनात पडदा काळाठिक्कर झाला, अजून फिरवल्यावर परत उजळला. आम्ही दोघींनीही फिरवून बघितलं, तेव्हा कुठे आई जरा हसली. प्रकाश ही लाट आहे आणि ती पुढे जाताना आडवी थरथरते. सूर्यापासून निघताना ती सगळ्या बाजूंनी थरथरते, पण कशावर तरी आपटून आली की तिचा कल एका दिशेकडे होतो. राकसकोप तलावाच्या पाण्यावरून उन्हाची तिरीप येते ती अशीच, म्हणून तसला गॉगल लावला की ती विझते.

आरंभीचा उजेडही मोकळा सुटण्याआधी शेवटचा एकदा कणांवर आपटला, आणि त्या धक्क्याची दिशा अजून अंगावर वागवतो आहे. आकाशाच्या प्रत्येक ठिकाणी ती दिशा मोजली आणि तिथे एक छोटी रेघ काढली की रांगोळीसारखा आकृतिबंध तयार होतो. दक्षिण ध्रुवावरच्या एका यंत्राने असा आकृतिबंध पहिल्यांदा पकडला तो २००२ मध्ये. त्यात दोन जाती. एकीत रेघा ठिपक्याभोवती कड्यासारख्या असतात किंवा मधून बाहेर किरणांसारख्या. आरशात बघितलं तरी तशाच दिसतात. दुसरीत रेघा तिरक्या, भिंगरीसारखा पीळ घेतलेल्या. आरशात डाव्या पिळाचा उजवा होतो. पहिली जात त्या तापलेल्या वायूतल्या दाटी-विरळीमुळे उमटते. त्यात खरोखरच दाबाच्या लाटा होत्या, ध्वनीसारख्या, पण एकेक लाट लाखो प्रकाशवर्षं लांब. आमच्या त्या फॉरवर्डमध्ये सत्याचा कण असलाच तर तो एवढाच. दुसरी, पिळाची जात नुसत्या दाटी-विरळीने उमटत नाही. विश्वाच्या अगदी पहिल्या क्षणाला ते एकदम फुगलं असेल आणि त्याने अवकाशच हादरलं असेल, तर त्या हादऱ्यांची खूण म्हणून असा पीळ दिसायला हवा. म्हणून जगभर त्याचा शोध चालू आहे. खूण तरी किती? एका अंशाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी फरक. आपल्या घरातला ताप मोजायचा काटा एक दशांश अंश दाखवतो, त्यावरून विचार करा.

हे मोजायला काही लोक पृथ्वीच्या दक्षिण टोकावर जाऊन राहिले. तिथे हवा अतिशय कोरडी, जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे २८०० मीटर उंच आणि सहा महिने रात्र. (हवेतली वाफ या मापाच्या आड येते. आपल्या जून ते सप्टेंबरच्या हवेत हे काम करायचं म्हणजे विचारूच नका.) 'बायसेप-२' हे त्यांच्या दुर्बिणीचं नाव, भिंग वीतभराहून जरासं मोठं. २०१० ते २०१२ अशी तीन वर्षं त्यांनी आकाशाचा एकच तुकडा बघितला, तिथे धूळ कमी असावी म्हणून निवडलेला. आणि पीळ दिसला! १७ मार्च २०१४ रोजी अमेरिकेत हार्वर्डला त्यांनी ते जाहीर केलं. नुसत्या योगायोगाने असं दिसायची शक्यता ३५ लाखांत एकीहूनही कमी. जगभर बातमी झाली, नोबेलची भाषा सुरू झाली. आपण फिरवलं ते चित्र तेव्हाचंच, ते पिळाच्या रेघांचं.

त्या दिवसांतला एक व्हिडिओ मुलीने दाखवला. पथकातले एक शास्त्रज्ञ चाओ-लिन कुओ हे आंद्रेई लिंडे यांच्या दारात जाऊन ही बातमी देतात. विश्व एकदम फुगलं हा विचार मांडणाऱ्यांपैकी लिंडे एक. तीसेक वर्षांची तपश्चर्या फळाला आली म्हणून त्यांना आणि त्यांच्या पत्नीला भरून येतं. पण त्याच व्हिडिओत ते म्हणतात की एक भीती नेहमी सोबत असते: आपण फसत तर नाही ना, हे सुंदर आहे केवळ म्हणून त्यावर विश्वास ठेवत नाही ना? आनंदाच्या ऐन भरात माणूस असं म्हणतो. आम्ही ॐकाराचं चित्र पाठवताना आमच्यापैकी एकीच्याही मनात असं आलं नव्हतं.

पुढे काय झालं? आपल्या आकाशगंगेत, ताऱ्यांच्या मधल्या जागेत, अतिशय बारीक धूळ पसरलेली आहे. तिचे कण आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्राला धरून रांगेने उभे राहतात, आणि त्यामुळे त्यांच्या क्षीण प्रकाशालाही दिशा असते. त्यातूनही हुबेहूब पीळ दिसतो. बायसेप-२ ने एकाच लहरीवर मोजलं होतं. शहापूरला किंवा खडे बाजारात साडी घेताना आपण दुकानातल्या दिव्याखाली रंग ठरवतो का? पदर दारापर्यंत नेऊन उन्हात बघतो. एकाच उजेडात मोरपंखी आणि हिरवा कळत नाही. तसंच धूळ आणि पहिला उजेड वेगळे काढायला निरनिराळ्या लहरींवर बघावं लागतं, कारण वरच्या लहरींवर धूळ जास्त उजळते. ही मापं युरोपच्या 'प्लँक' उपग्रहाकडे होती, पण ती अजून प्रसिद्ध झाली नव्हती. तेव्हा बायसेपवाल्यांनी धुळीचे जे अंदाज बांधले, त्यांतल्या एकासाठी दुसऱ्यांच्या व्याख्यानात पडद्यावर दाखवलेल्या चित्राचा आधार घेतला होता. हे ऐकलं आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. एवढे मोठे लोक, तेही!

शंका लगेच आल्या. जूनमध्ये त्यांचा निबंध छापून आला तेव्हा तो अंदाज त्यांनीच काढून टाकला होता आणि भाषा सावध केली होती. सप्टेंबरात प्लँकने दाखवलं की त्या स्वच्छ समजलेल्या तुकड्यातही धूळ भरपूर आहे. मग काल-परवापर्यंत एकमेकांशी स्पर्धा करणारी ही दोन पथकं एकत्र बसली, आपापली मापं एकमेकांसमोर ठेवली, आणि २०१५ च्या सुरुवातीला दोघांनी मिळून सांगितलं: आरंभीच्या हादऱ्यांचा पुरावा यात नाही.

इथे एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते, आणि ती पहिल्या ऐकण्यात सुटून जाते. त्यांचं माप चुकलं नव्हतं. पीळ होता. तीन वर्षं थंडीत राहून जे मोजलं ते खरंच मोजलं होतं, कोणी खोटं काही केलं नव्हतं. चुकला तो अर्थ. दूरचं, आरंभीचं काहीतरी दिसलं असं वाटलं ते आपल्याच आकाशगंगेतलं, आपल्याच अंगणातलं होतं. १९६४ मध्ये घाण वाटली तो उजेड निघाला, २०१४ मध्ये उजेड वाटला ती धूळ निघाली.

आमचंही तसंच. भाव खोटा नव्हता. पारायणाला बसल्यावर जी शांतता लाभते ती आम्ही कल्पनेने रचलेली नाही. पण त्या शांततेला पुरावा हवा असं आम्हाला का वाटावं, आणि तो पुरावा परक्या देशातल्या शास्त्रज्ञाने द्यावा असं का वाटावं? खरं सांगायचं तर तो मजकूर पाठवताना मनात परमेश्वर कमी होता. जावेच्या घरचे, 'तुमचं ते भजन-बिजन' म्हणणारे, त्यांना दाखवायचं होतं. ही आमच्या अंगणातली धूळ.

तरी प्रश्न उरतोच: कारण चांगलं असेल तर थोडं खोटं चालेल का? आपल्या घरातल्या प्रत्येकाला अश्वत्थाम्याची गोष्ट ठाऊक आहे. धर्मराजाची बाजू न्यायाची होती, आयुष्यभर तो खोटं बोलला नव्हता, आणि त्या दिवशी बोलला तेही अर्धंच. तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. आम्ही लहानपणी ही गोष्ट ऐकताना रथाचाच विचार करायचो. द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवलं ते कशामुळे? हा माणूस खोटं बोलणार नाही या विश्वासामुळे. म्हणजे खोटं जे खपतं ते आधी कमावलेल्या खरेपणाच्या जोरावर. सद्गुरूंच्या नावाने पत्रिका निघते म्हणून तर दोनशे घरांत आपला मजकूर कोणी तपासत नाही. आम्ही तोच विश्वास खर्चला, आणि आमच्या पदरचा नव्हताच तो.

दुसरं, मुलीने मोठ्यांना खोडलं हे अनेकांना खटकलं. इथे जयंत नारळीकर सरांची आठवण होते. जन्म १९३८ चा कोल्हापूरचा, म्हणजे निपाणीहून तासाभरावरचा माणूस. २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. या पहिल्या उजेडाबाबत त्यांचं मत जगातल्या बहुतेकांहून वेगळं होतं. एका महास्फोटातून विश्वाचा आरंभ झाला हेच त्यांना पटत नव्हतं. फ्रेड हॉईल हे त्यांचे गुरू. हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये त्यांनी मांडलं की हा उजेड ताऱ्यांचाच असून अवकाशातल्या लोखंडाच्या सुईसारख्या बारीक कणांनी तो शोषून पुन्हा एकसारखा पसरवलेला आहे. म्हणजे तिथेही धूळच, तीही लोखंडाची! ज्यांच्या घरी उद्यमबागच्या फौंड्रीतून कपडे धुवायला येतात त्यांना ती वेगळी सांगायला नको. बहुतेक शास्त्रज्ञांनी हे मान्य केलं नाही. पण ज्या पुण्याच्या 'आयुका'चे ते १९८८ पासून संस्थापक संचालक होते, तिथेच महास्फोट मानून याच उजेडाचा अभ्यास करणारे लोक काम करत होते. त्यांतले तरुण सौरदीप पुढे प्लँकच्या पथकातही होते. संचालकांचं मत एक, हाताखालच्यांचं दुसरं, आणि एकाच छताखाली दोन्ही. (पत्रिकेच्या बाबतीत नारळीकर सरांचं आणि आमच्यातल्या काहींचं जमलं नसतं, ते सोडा. त्यांनी ज्योतिषाचीही परीक्षा घेतली होती.) संचालकांच्या मताला छेद देणारं काम त्यांच्याच संस्थेत चालत असेल, तर आपल्या ग्रुपवर एका मुलीने चार ओळी लिहिल्याने आपली गादी कशी हलली?

आणि ते ध्रुवावरचे लोक चूक कबूल करून घरी जाऊन बसले नाहीत. तिथेच आणखी दुर्बिणी लावल्या, आणखी लहरींवर मोजायला लागले. २०२१ मध्ये त्यांनीच सांगितलं की तो आरंभीचा पीळ असलाच तर आम्ही २०१४ मध्ये जेवढा म्हटला होता त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी असणार. स्वतःच्याच गाजलेल्या आकड्याला स्वतःच कात्री. अजून पीळ सापडलेला नाही आणि शोध थांबलेला नाही. आपल्याकडेही याच मोजणीसाठी 'सीएमबी-भारत' नावाचा प्रस्ताव २०१८ मध्ये इस्रोकडे गेला आहे.

चूक कबूल करायची तर कुठे, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. एकीचं म्हणणं, घरी जाऊन आलो ना, झालं की. तिचंही बरोबर होतं, गेलो होतो. पण त्या मुलीला सुनावलं गेलं ते दोनशे घरांसमोर आणि माफी मागितली ती स्वयंपाकघरात, चहा पिताना. हार्वर्डवाल्यांनी कॅमेऱ्यांसमोर जाहीर केलं होतं आणि मागे घेतलं तेही जगासमोर. म्हणून हा मजकूर त्याच सगळ्या ग्रुपवर जातो आहे. ज्या काकांनी तिला बोल लावला त्यांना आधी वाचायला दिला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पाठवा." बाकी काही बोलले नाहीत.

जुनं चित्र मात्र थांबत नाही. परवाच पुण्याहून एका नणंदेने आम्हालाच पाठवलं, "बघा किती छान, तुमच्या अनगोळच्या केंद्रातून आलंय!" तिला उत्तर पाठवलंय, आता ती कुठे कुठे पाठवते बघायचं.

हा लेख लिहून झाल्यावर आम्ही त्या मुलीला दाखवला. तिने दोन आकडे दुरुस्त केले आणि एक वाक्य काढायला लावलं; त्यात आम्ही परत विज्ञान आणि अध्यात्म एकच असं काहीतरी लिहिलं होतं. मग आम्ही विचारलं, ग्रुपवर परत घेऊ का तुला? आणि आईला म्हणावं, गुरुवारी झांजा वाजवायला कोणी नाही.

ती म्हणाली, "आधी पाठवा तर."

— सेवेकरी भगिनी, अनगोळ